शेवटच्या फेरीतले अकरा

१

एप्रिल २००५ मधल्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी सव्वानऊ वाजता, गंगापूर रोडवरच्या 'अचूक डेटा सर्व्हिसेस'चा मालक धवल याने ई-मेल उघडली, वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि उठून पंखा पाचावर केला. तो आधीपासून पाचावरच होता.

मेल अमेरिकेहून आली होती. पाठवणारे मिस्टर हॅरल्ड हॅल्व्हर्सन. ऑफिसात त्यांना हरिभाऊ म्हणत, कारण दर वेळी एवढं मोठं नाव घेत बसलं तर काम कधी करायचं? मजकूर चार ओळींचा होता. 'माझी गुप्त यादी तुमच्या ऑफिसातून चोरीला गेली आहे. चोर तुमचा ललित आहेर. आज तुमच्या संध्याकाळी साडेसातला फोन करीन. तोवर त्याचा सहीचा कबुलीजबाब तयार ठेवा.'

प्रकरण समजायला थोडं अमेरिकेत जावं लागेल. तिकडे फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. त्यात चेंडू हातात धरून पळतात. मग त्याला फुटबॉल का म्हणतात, हे विचारायचं नाही, अशी ताकीद 'अचूक'मध्ये नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मिळे. दर एप्रिलात तिथले बत्तीस व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं निवडतात. सात फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीत पाळीपाळीने एकेका संघाने एकेक पोरगा उचलायचा. पहिल्या फेरीत कोण जाणार, हे तिथल्या न्हाव्यालासुद्धा माहीत असतं. सातव्या फेरीत कोण जाणार, हे मात्र उचलणाऱ्यालाही तासभर आधी ठाऊक नसतं.

हरिभाऊ या सातव्या फेरीचे तज्ज्ञ. म्हणजे बत्तीसांतले चार ओळखायचे. बाकी जगाला दोनही जमत नसत. ते दर वर्षी अशा नऊशे पोरांची जाडजूड माहितीपुस्तिका काढत. ती टाईप होई नाशकात, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ऑफिसातल्या कुणीही हा खेळ कधी पाहिलेला नव्हता. त्यामुळे काम फार निःपक्षपाती होई.

यंदा हरिभाऊंनी सहा ओळखले. आयुष्यातला विक्रम. आणि त्यांच्याच वेबसाइटवरच्या स्पर्धेत कुणीतरी अकरा ओळखले. ती प्रवेशिका आली होती नाशिकहून, 'अचूक'मधून, ललितच्या खात्यातून. हरिभाऊंची गुप्त यादी शुक्रवारी, पंधरा तारखेला ललितकडे मांडणीसाठी आली, आणि प्रवेशिका गेली शनिवारी, सोळाला, दुपारी चारला. शिवाय हरिभाऊंच्या सहाच्या सहा नावांचा त्या अकरात समावेश होता.

धवलने फोन उचलला. वकिलाला लावावा असं त्याला वाटत होतं. पण बोटांनी आपोआप आपल्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा नंबर फिरवला.

२

या मुख्याध्यापिका, मालिनीबाई दाबके, बावीस वर्षं दहावीच्या परीक्षेच्या केंद्रसंचालक होत्या. बुटाच्या सोलात, वेणीच्या पेडात आणि एकदा मटकीच्या उसळीच्या तळाशी दडवलेली कॉपी त्यांनी पकडली होती. त्यांच्या केंद्रावरची मुलं अभ्यास करत, कारण त्यातल्या त्यात तोच सोपा मार्ग होता. धवलला त्यांनी भूगोलात पकडलं होतं. हा विषय दोघंही काढत नसत.

पावणेदहाला मालिनीबाई धवलच्या केबिनमध्ये येऊन बसल्या. दहाच्या सुमाराला ललित आला आणि त्याला तसाच आत बोलावण्यात आलं.

"सोळा तारखेला, शनिवारी, कुठे होतास?" मालिनीबाईंनी विचारलं.

"देवळ्याला, बाई. चुलतभावाचं लग्न. रविवारी रात्री परत आलो."

"साक्षीदार?"

"साडेसहाशे."

"सगळे नातेवाईक," धवल म्हणाला. "हरिभाऊ धरणार नाहीत."

"लग्नाची सीडी असेल ना?"

"दिवाळीपर्यंत देतो म्हणालाय. पण त्यात मी नसणार, बाई. मी वाढायला होतो. कॅमेरावाला जेवणाऱ्यांची तोंडं घेतो. वाढणाऱ्याचा नुसता हात येतो."

"तुझा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

ललितने बाहेरच्या आपल्या मॉनिटरकडे बोट दाखवलं. त्यावर पिवळी चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर पासवर्ड. "विसरायला होतं," तो म्हणाला.

मालिनीबाईंनी थोडा वेळ त्याच्याकडे नुसतं पाहिलं. या नजरेखाली भल्याभल्यांनी मोज्यातून चिठ्ठ्या काढून दिल्या होत्या. ललितने खिशातून रुमाल काढला.

"मी नाय केलं, बाई. आणि मी सही केली ना, तर नुसती ही नोकरी जाणार नाय. गंगापूर रोडवर अशी पाच ऑफिसं हायेत, सगळे मालक एकमेकांना फोन करतात. चोराला कोण घेईल? आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारा मी पहिला. आईने गावभर पेढे वाटलेत. ते आता परत कसे मागायचे?"

"मलाही तो चोर वाटत नाही," धवल हळूच म्हणाला. "पण एक गोष्ट आहे, बाई. ती गुप्त फाईल ललितच्या मशीनवर शनिवारी अकरा चाळीसला उघडली गेलीय. हे मी अजून हरिभाऊंना कळवलेलं नाही."

३

शनिवारी ऑफिसला सुट्टी असे. किल्ल्या तिघांकडे होत्या: झाडलोट करणाऱ्या कलाबाईकडे, सीनियर ऑपरेटर साधनाकडे आणि प्रूफं तपासणाऱ्या वेणीमाधव गुरुजींकडे.

कलाबाई मखमलाबादची. घरची झेंडूची शेती. फुलं बाजारात पोचवून मग झाडायला येई.

"शनवारी म्या कशाला यीन? त्या सोमवारी आठला आले. लल्याच्या मशीनीची बटनं पुसली. पिवळं पिवळं लागल्यालं व्हतं. म्हनलं, लगीनघरचा माणूस, हळद असंल."

"ललित तेव्हा आलेला होता का?"

"त्यो कुठं आलता? त्यो धाला येतो."

"मग त्याची हळद त्याच्या आधी कशी आली?"

कलाबाई झाडू टेकून विचार करू लागली. "आन् हळदीला असला ग्वाड वास बी नसतो," ती म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली.

साधना आली ती उत्तर तयार ठेवूनच. "हो, मी शनिवारी आले होते. साडेअकराला. डबा विसरले होते."

"कशाचा?"

"भेंडीचा."

"सुट्टीच्या दिवशी, एप्रिलच्या उन्हात, सातपूरहून, शुक्रवारच्या भेंडीसाठी," मालिनीबाई म्हणाल्या.

साधनाने दार नीट लागलंय का ते पाहिलं. "मी फाईल उघडली. पण चोरायला नाही. ललित घाईत वजन उंचीच्या रकान्यात टाकतो. मागच्या महिन्यात एक पोरगा तीनशे बारा इंच उंच होऊन छापला गेला असता. एरवी गुरुजी पकडतात, पण ही यादी गुप्त म्हणून प्रूफाला गेलीच नाही. तेव्हा मीच येऊन दहा मिनिटांत दुरुस्त केली आणि निघाले. मी सात महिने दर शनिवारी येते."

"त्याला माहीत आहे?"

"सांगू नका, बाई. त्याला वाटतं, तो सुधारलाय."

उरले वेणीमाधव गुरुजी. घराणं रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांचं. हे मात्र सरकारी छापखान्यात तीस वर्षं प्रूफं वाचून निवृत्त झालेले. अजूनही सकाळी घाटावर धाकट्या भावाला हात देऊन मग अकराला ऑफिसात येत. मालिनीबाईंनी पहिला प्रश्न विचारायच्या आधीच त्यांनी विचारला.

"दाबके म्हणजे मूळचे कुठले?"

"गुहागरकडचे."

"सासऱ्यांचे वडील?"

"विश्वनाथ."

"मग तुमची वही आमच्याकडे नाही. घाटावर पलीकडे तिसऱ्या छत्रीखाली." आणि ते खरं होतं. यात्रेकरूंच्या पिढ्यांची नोंद असलेल्या लांबट वह्या रामकुंडावर घरोघर असतात. पण दुसऱ्याच्या वहीत काय आहे, हेही पाठ असणारे थोडे.

"गुरुजी, हरिभाऊंची ती फाईल तुम्ही पाहिलीत?"

"नाही बुवा. ती प्रूफाला आलीच नाही."

बावीस वर्षांच्या अनुभवावरून मालिनीबाईंना कळलं, हा माणूस अगदी खरं बोलतोय. आणि तेवढ्यानेच त्या बेचैन झाल्या.

४

दुपारी त्यांनी दोन्ही याद्यांच्या प्रती मागवल्या. डावीकडे हरिभाऊंची यादी, उजवीकडे प्रवेशिका. बत्तीस संघ, प्रत्येकापुढे एक पोरगा. ऑफिसात संघांना त्यांच्या हेल्मेटवरच्या चित्रावरून ओळखत: गरुडवाले, घोडेवाले, बोकडवाले. मालिनीबाईंनी तांबडं पेन घेतलं.

"हरिभाऊंनी काय केलं? बरोबर आलेली सहा नावं पाहिली, ती सगळी तिकडे सापडली, आणि ओरडले. धवल, कॉपी कशावरून पकडतात?"

धवलने भूगोलातलं आठवून नजर याद्यांमध्ये खुपसली.

"चुकीच्या उत्तरावरून. गोदावरी कुठे उगम पावते? दोघांनी त्र्यंबकेश्वर लिहिलं, तर दोघांनी अभ्यास केलाय. दोघांनी पाचगणी लिहिलं, तर एकाला बाहेर काढायचं. आता बघ. हरिभाऊंची चुकलेली नावं सव्वीस. प्रवेशिकेतली चुकलेली एकवीस. यातलं एकही सारखं नाही."

"एकही?"

"एकही. म्हणजे हा असा चोर की ज्याने बरोबर तेवढी सहा उचलली आणि सव्वीस चुका जागच्या जागी ठेवल्या. त्याला आठवडाभर आधी निकाल माहीत हवा. आणि तो माहीत होता, तर स्वतःच्या एकवीस चुका कशाला केल्या? यादी कुणी चोरलेलीच नाही. प्रवेशिका पाठवणाऱ्याने स्वतःचं डोकं चालवलंय."

ललितने इतका मोठा श्वास सोडला की कागद उडाले. पण धवलचा चेहरा उतरलेलाच.

"बाई, हरिभाऊ एवढ्यावर ऐकणार नाहीत. खातं ललितचं आहे. पाठवली कुणी, ते नाव द्यावं लागेल. नाहीतर त्यांच्या लेखी तोच."

कागद गोळा करता करता ललित थांबला. "हे काय? हरिभाऊंकडे नुसतं डॅरेल बॉग्ज. इथे डॅरेल वॉल्टर बॉग्ज. पण बॉग्जचं मधलं नाव लिरॉय आहे, मीच टाईप केलंय."

"मग वॉल्टर कोण?"

ललितने माहितीपुस्तिकेतली नोंद काढली. "वडील वॉल्टर, त्याच कॉलेजचा जुना खेळाडू. म्हणजे हा त्याचा बाप!"

दुसरं नाव काढलं. मधे बाप. तिसरं, तिथेही बाप. चौथ्याला बाप सोडून गेलेला होता. तिथे आजोबा घातला होता.

बत्तीस अमेरिकन पोरांचे बत्तीस बाप कुणीतरी शोधून लिहिले होते, आणि स्पर्धेत ते विचारलेलेही नव्हते.

५

सहा वाजले तरी उत्तर नव्हतं. अमेरिकेत वॉल्टर नावाच्या माणसाची चौकशी करायला वेळ नव्हता. धवलने नाइलाजाने कबुलीजबाब टाईप केला. 'मी, ललित आहेर, लिहून देतो की, हॅल्व्हर्सन यांची गुप्त यादी मी चोरली.' छापला, आणि रिवाजाप्रमाणे प्रूफाच्या ट्रेमध्ये टाकला. 'अचूक'मधून बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्या ट्रेमधून जाई.

ललित आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. टाईप मात्र काही करत नव्हता. नुसता बसला होता, जशी काही ती खुर्ची साडेसातपर्यंतच भाड्याने मिळाली होती. साधना समोरून तीनदा गेली. चौथ्यांदा तिने त्याच्या टेबलावर चहा ठेवला आणि म्हणाली, "साखर जास्त घातलीय. पी."

पावणेसातला पत्र ट्रेमध्ये परत आलं. धवलने सहीसाठी ते ललितपुढे सरकवलं. ललितने पेन उघडलं.

"थांब," मालिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी पत्र उचललं आणि खिडकीशी नेलं. एक स्वल्पविराम काढलेला होता. आणि पहिल्याच ओळीत 'ललित' आणि 'आहेर' यांच्यामध्ये तांबड्या पेन्सिलीने खूण करून वर बारीक, सुरेख अक्षरात एक शब्द भरला होता. गोटीराम.

"ललित, तुझ्या वडिलांचं नाव काय?"

"गोटीराम."

मालिनीबाईंनी कागद नाकाशी नेला. खालच्या कोपऱ्यात पिवळसर अंगठा उमटला होता, आणि त्याला चंदनाचा वास येत होता.

"धवल," त्या म्हणाल्या, "गुरुजींना बोलाव. आणि त्यांना हे पत्र परत दे. या वेळी वाचायला सांग."

६

वेणीमाधव गुरुजींनी पत्र घेतलं आणि सवयीने एकेक अक्षर सुटं पाहू लागले.

"तसं नव्हे, गुरुजी. अर्थासकट."

त्यांना वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला.

"हे ललितवर आहे? चोरी म्हणून?"

"तुम्हीच तपासून दिलंत."

"प्रूफ वाचताना अर्थ लागला की चुका सुटतात, बाई. तीस वर्षांत मी कशाचाही अर्थ लागू दिला नाही." ते ललितकडे वळले. "ती प्रवेशिका मी पाठवली, बाळा. शनिवारी घाटावरून परस्पर आलो. यात्रेकरूंना गंध लावून हात तसेच. तुझ्या मशीनवर ते पान उघडंच असतं. दोन बोटांनी बत्तीस नावं. चार तास लागले."

"मग सकाळी का नाही बोललात?" धवल ओरडलाच.

"तुम्ही विचारलंत, फाईल पाहिली का. मी कुठे पाहिली?"

"आणि कर्मचाऱ्याला भाग घेता येत नाही, हा नियम? त्याचं प्रूफ तुम्हीच तपासलंत!"

"तपासलं ना. निर्दोष होतं."

मालिनीबाईंनी हसू दाबलं. "पण अकरा कसे ओळखलेत, गुरुजी?"

गुरुजींनी पिशवीतून लाल कापडात बांधलेली लांबट वही काढली. आत पानोपानी अमेरिकन नावं होती, वंशावळीसारखी एकाखाली एक.

"घाटावर यजमान विद्वत्ता बघून उपाध्याय निवडत नाही. त्याचा आजोबा ज्याच्याकडे आला, त्याच्याकडेच तो येतो. दोन वर्षं हे नऊशे पोरगे वाचतोय. नकळत मुळं दिसायला लागली. हे बघा, गरुडवाले. यांचे कोच ज्यांच्या हाताखाली शिकले, ते गुरू डोंगरातल्या एका लहानशा कॉलेजात होते. तिथला आजचा कोच म्हणजे यांचा गुरुबंधू. सहा वर्षांत यांनी शेवटच्या फेरीत चार पोरं तिथूनच नेली. यंदा तिथला उरला होता एकच. बॉग्ज. बापही तिथलाच. मग जाईल कुठे?"

"पण गुण?"

"गुण पहिल्या फेरीत बघतात. सातव्या फेरीत सगळ्यांचे गुण सारखेच कमी. मग माणूस ओळखीचा घेतो. हरिभाऊंनी तिथेही गुण बघितले, म्हणून सहावर थांबले."

"तुमचे एकवीस का चुकले मग?"

"काही घराण्यांच्या नोंदी सापडल्या नाहीत," गुरुजी खिन्नपणे म्हणाले.

बाहेर फोन वाजला. साडेसात झाले होते.

७

हरिभाऊंशी बोलल्या मालिनीबाई, शाळा तपासणीला आलेल्या साहेबाशी बोलत तशा. धवलने फोन स्पीकरवर ठेवला आणि स्वतः दाराशी उभा राहिला.

"पाठवणारा सापडला. आमचे प्रूफरीडर. नियम मोडला, प्रवेशिका बाद करा. पण नियम मोडणं आणि चोरी यांचे रकाने वेगळे. तुमची यादी कुणी चोरलेली नाही."

"माझे सहाच्या सहा त्यात आहेत!" हरिभाऊ गरजले.

"आणि तुमच्या सव्वीस चुकांपैकी किती आहेत?"

पलीकडे कागदांची सळसळ झाली. ती बराच वेळ चालली. ललितने खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"एकही नाही," हरिभाऊ शेवटी म्हणाले. आवाज बराच खाली आला होता. "मी फक्त माझे बरोबर आलेलेच मोजत होतो."

"सगळेच तेवढेच मोजतात. मुलाचं नाव घेऊन आरोप केलात. मागे घ्या. लेखी."

"घेतो. आजच." मग हरिभाऊ म्हणाले, "त्या गृहस्थांना विचारा, पुढच्या वर्षी माझ्यासाठी शेवटची फेरी ते करतील का?"

गुरुजी पुढे सरकले. त्यांचं इंग्रजी छापखान्यातलं, फार शुद्ध. "वही यजमानाच्या नावाने सुरू होते. तुमच्या वडिलांचं नाव?"

"...एमिल."

"आजोबा?"

"ओले. ते नॉर्वेहून आले."

"पणजोबा? गाव?"

"बहिणीला विचारून कळवतो," हरिभाऊ म्हणाले. नऊशे पोरांची वजनं तोंडपाठ असलेला हा माणूस पहिल्यांदाच एखादी माहिती देऊ शकला नव्हता.

गुरुजींनी लिहायला कागद शोधला. हाताशी कबुलीजबाब होता. त्यांनी तो उलटा केला आणि लिहू लागले: हॅरल्ड एमिल ओले हॅल्व्हर्सन.

"गुरुजी, ते पत्र!" धवल म्हणाला.

"पाठकोरं आहे." त्यांनी कागद पुन्हा सुलटा केला, तांबड्या पेन्सिलीने सगळा मजकूर खोडला, आणि 'ललित गोटीराम आहेर' एवढंच शिल्लक ठेवलं. "यात एवढंच बरोबर होतं."

दुसऱ्या दिवशी ललित दहाच्या ऐवजी नऊलाच आला. त्याने आधी मॉनिटरवरची चिठ्ठी फाडली. मग पासवर्ड बदलला. मग बराच विचार करून, विसरायला होऊ नये म्हणून, नव्या पासवर्डची नवी चिठ्ठी त्याच जागी चिकटवली.

साधनाने ती जाता जाता वाचली, आणि शनिवारसाठी पाठ करून ठेवली.